आजोबांचा कागद

1902 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या. तेव्हापासून आरक्षण कुणाला, किती आणि कुठवर, हा वाद चालूच आहे. पण ज्यांचा हक्क कायद्यानं मान्य झालाय, त्यांचीही गाडी एका कागदावर अडते. तो कागद म्हणजे जातीचा दावा खरा असल्याचं सांगणारं जात वैधता प्रमाणपत्र.

त्यासाठी जातीचा जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. आता विदर्भातल्या आर्वी किंवा समुद्रपूरकडचं एखादं मजुराचं घर घ्या. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नाव नाही. शेत नव्हतं, म्हणून सातबारा नाही. ज्याला सगळ्यात जास्त नाडलं गेलं, त्याच्याकडेच कागद सगळ्यात कमी. खोटे दावे रोखायलाच हवेत, पण पुराव्याचं हे ओझं अन्यायाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

अशा वेळी आपल्या विदर्भात कामी येतं ते कोतवाल बुक. गावच्या जन्म-मृत्यूची ही जुनी नोंदवही. पानं पिवळी, कडा झिजलेल्या, शाई फिकट. पण बापाचं नाव, जात, गाव एका ओळीत सापडतं. तिची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळते.

बारावीनंतर राखीव जागेवर प्रवेश घेताना हे प्रमाणपत्र मागतात. म्हणून मुलगा-मुलगी अकरावीत असतील, तर बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. अर्ज याच वर्षी करा.