दोन भाषा, एक मागणी



भाषा बदलली की भूमिकाही बदलली, असा संशय चळवळीत फार लवकर घेतला जातो. निवेदनात सौम्य आणि सभेत तिखट बोलणारा कार्यकर्ता दुटप्पी ठरतो. हा संशय कितपत रास्त आहे, हे जोतीराव फुले यांच्या लेखनावरून तपासता येईल.

१८८२ साली फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला इंग्रजीतून निवेदन दिले. ते वाचणारे राज्यकर्ते होते आणि त्यांच्याकडून निर्णय हवा होता. म्हणून तेथे शाळा चालविल्याचा अनुभव पुढे ठेवला आहे. सहीखाली व्यापारी, शेतकरी व नगरपालिकेचे सभासद अशी ओळख दिली आहे. सरकारी महसुलाचा मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो, शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. सबब निदान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असा हा हिशेबी युक्तिवाद आहे.

१८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हाच हिशेब मराठीत येतो. येथे ऐकणारा स्वतः नागवला गेलेला शेतकरी आहे. त्याला जागे करणे हा हेतू आहे. त्यामुळे सौम्यपणा संपतो. शेतकऱ्याच्या घरातील दैन्य वस्तूवार डोळ्यांपुढे उभे राहते. भटशाही आणि गोरे अंमलदार दोघांवरही कोरडे ओढले जातात. फुल्यांनी यातील भाग गावोगावी वाचून दाखविले. ‘दीनबंधू’ने पहिले दोन भाग छापले, पुढचे छापले नाहीत. तरीही फुल्यांनी भाषा मवाळ केली नाही.

या दोन लेखनांत शब्द वेगळे, सूर वेगळा. परंतु रयतेच्या पैशावर रयतेच्या मुलांचा पहिला हक्क, ही मागणी एकच. आयोगापुढे ती कमी केली नाही आणि शेतकऱ्यांपुढे फुगविली नाही.

कार्यकर्त्याची कसोटी येथेच आहे. तहसीलदारापुढे केवळ घोषणा देऊन अर्ज निकाली निघत नाही आणि रेशनच्या रांगेत अर्थशास्त्राची परिभाषा उपयोगी पडत नाही. श्रोता आणि हेतू पाहून भाषा निवडणे हे कार्यकर्त्याचे कामच आहे. मात्र कचेरीत मान्य केलेली तडजोड सभेत लपवावी लागत असेल, तर तेथे भाषा नव्हे, भूमिकाच बदललेली असते. अशा वेळी जाब विचारण्याचा हक्क सभेला आहे.