आयोवा : सुपीक भूमी आणि सुखाचे मोजमाप
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



'शेतीप्रधान समाजाचे जीवनमान' हा विषय मला देण्यात आला आहे. येथे बसलेली बहुतेक कुटुंबे कृष्णा-वारणेच्या काठची, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी. तेव्हा मी आपल्याच गावांविषयी बोलावे, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु स्वतःच्या गावाविषयी आपण एक तर अभिमानाने बोलतो, नाही तर पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलांच्या नजरेने बोलतो. त्यामुळे विषयाचा निवाडा अवघड होतो. म्हणून आज एक दूरचे उदाहरण घेतो, अमेरिकेतील आयोवा राज्याचे.

मिसिसिपी आणि मिसुरी या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले हे राज्य. त्याच्या भूमीचा सुमारे ८५ टक्के भाग शेतीखाली आहे. मक्याच्या उत्पादनात ते देशात अग्रेसर. लोकसंख्या सुमारे ३२ लाख आणि पाळलेली डुकरे दोन कोटींहून अधिक! गव्हाच्या संकरित वाणांमुळे आपल्या देशालाही परिचित झालेले नॉर्मन बोरलॉग १९१४ साली तेथेच जन्मले. मुळात हा उंच गवताचा आणि दलदलीचा प्रदेश. गेल्या दीड शतकात तेथील शेतकऱ्यांनी जमिनीखाली नळ्या गाडून पाण्याचा निचरा केला आणि काळी माती लागवडीखाली आणली. आपल्या शिरोळ भागातील क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप गाडताना ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे तंत्र वेगळे सांगावयास नको. त्या नळ्यांकडे मी पुन्हा येणार आहे.

२०१८ साली 'यू.एस. न्यूज' या प्रकाशनाने अमेरिकेतील पन्नास राज्यांची क्रमवारी लावली, तीत आयोवा पहिले आले. आरोग्य, शिक्षण, रोजगार, संधी असे अनेक निकष होते. राज्यात आनंदीआनंद झाला. पुढच्याच वर्षी तेच राज्य चौदाव्या क्रमांकावर गेले. माणसांचे सुख एका वर्षात तेरा पायऱ्या उतरते, हे मानणे मला तरी कठीण वाटते. निकष कोणते आणि कशाला किती गुण, यावर क्रम ठरतो. आपल्या शाळांच्या गुणपत्रिकांचा अनुभव याहून निराळा नाही.

याच राज्याविषयी २०११ च्या डिसेंबरात अगदी उलट मत मांडले गेले होते. आयोवा विद्यापीठातील पत्रकारितेचे प्राध्यापक स्टीफन ब्लूम यांनी 'द अटलांटिक' या नियतकालिकासाठी लेख लिहिला. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांविषयी पहिला कौल त्या काळी आयोवा देत असे. हा मान या राज्याला का असावा, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्यांचे वर्णन असे, की लहान गावे ओस पडत आहेत, हुशार तरुण निघून जातात, मागे वृद्ध आणि जाण्याची धमक नसलेले उरतात. लेखावरून गदारोळ झाला. विद्यापीठाच्या अध्यक्षा सॅली मेसन यांनी उघड पत्र लिहून आपली तीव्र असहमती कळविली. शेजारी आजारी पडला तर त्याचे पीक काढून देणारी माणसे, शिक्षणाची आवड, दाराला कुलूप न लावता झोपणारी गावे, हे प्राध्यापकांना दिसलेच नाही, असे लोक म्हणू लागले.

खरे कोणाचे? आकडे पाहिले तर ब्लूम यांच्या म्हणण्यात तथ्य होते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात या राज्याच्या एके काळी ११ जागा होत्या, आज चारच आहेत. १९८१ साली एकरी सरासरी २१४७ डॉलर किंमत असलेली जमीन १९८६ साली ७८७ डॉलरवर आली. तिच्या तारणावर कर्ज घेतलेली कुटुंबे उद्ध्वस्त झाली, आणि त्या वेळी गेलेली मुले बहुतांशी परतली नाहीत. परंतु वीस वर्षे राहूनही ब्लूम यांची लेखणी पाहुण्याचीच राहिली. मागे राहिलेला प्रत्येक जण नाइलाजाने राहिला, हा निष्कर्ष आकड्यांतून निघत नाही. आपल्या गावात राहिलेल्या मुलाला कोणी असे म्हटले, तर आपण ऐकून घेऊ काय?

मला अधिक मोलाची वाटते ती तिसरी दृष्टी. स्टॉर्म लेक नावाच्या, अकरा हजार वस्तीच्या गावात आर्ट कलेन हे आपल्या बंधूंसह एक छोटे वृत्तपत्र चालवीत असत. आठवड्यातून दोन अंक, छपाई सुमारे तीन हजार. आता त्या गाडलेल्या नळ्यांकडे येऊ. खतातील आणि मातीतील नायट्रेट या नळ्यांवाटे ओढ्यांत आणि तेथून रॅकून नदीत जाते. नदीच्या खालच्या अंगाला राजधानी डे मॉइन. तिच्या परिसरातील पाच-सहा लाख माणसे नदीचे पाणी पितात. लिटरमागे दहा मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा ओलांडली, तर तान्ह्या बालकांच्या जिवाला धोका असतो. २०१५ साली तेथील पाणीपुरवठा संस्थेने वरच्या तीन परगण्यांतील निचरा-मंडळांवर खटला भरला. त्यांतील एक परगणा कलेन यांचा स्वतःचा.

गावच्या वृत्तपत्राने गावाची बाजू घ्यावी, हा रिवाज. कलेन यांनी उलट विचारले, की आपल्या परगण्याच्या बचावाचा खर्च कोण करीत आहे? शेती-उद्योगातील गटांचा निधी, देणगीदारांची नावे झाकून, त्यासाठी वापरला जात असल्याचे त्यांच्या पत्राने उजेडात आणले. वर्गणीदार आणि जाहिरातदार हेच शेजारी असताना असे लिहिणे किती जड जाते, हे गावात राहणाऱ्यालाच कळेल. २०१७ साली त्यांच्या अग्रलेखांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. ब्लूम यांच्याहून कडक शब्द त्यांनी लिहिले असतील. परंतु लिहून झाल्यावर ते त्याच रस्त्याने, त्याच माणसांना नमस्कार करीत घरी जात.

खटला मात्र त्याच वर्षी फेटाळला गेला. हा प्रश्न विधिमंडळाचा आहे, असे न्यायालयाचे मत पडले. येथे शेतकऱ्याला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मक्याचा भाव त्याच्या हाती नाही, जमिनीचा खंड चढा आहे आणि खत कमी पडून पीक गेले तर भरपाई कोणी देत नाही. उसाला खताचा आणखी एक हप्ता देताना आपल्या मनात जे असते, तेच त्याच्याही मनात असते. पंचगंगेच्या खालच्या गावांनी आपल्याला काय विचारावे, तो प्रश्न मी येथे उकरून काढीत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये नद्यांतील नायट्रेट इतके वाढले, की ते काढून टाकणारी यंत्रणा अपुरी पडू लागली आणि डे मॉइन परिसरात अंगणातील हिरवळीला पाणी घालण्यास बंदी करावी लागली. आयोवाच्या गुणपत्रिकेत या पाण्याला किती गुण द्यावेत, हे तेथे अद्याप ठरलेले नाही.