फिरती आरागिरणी

चिमूरच्या मुलखात सागवान आहे. पूर्वी ओंडका माचाणावर चढवत. एक जण वर, एक खाली, दोघे मिळून करवत ओढत. त्यात फार वेळ जाई.

फिरत्या आरागिरणीत ओंडका जागेवरच राहतो, करवत रुळावरून पुढे सरकते. दोन चाके, त्यांवर ताणलेला दातेरी पोलादी पट्टा आणि एक इंजिन. काही जण ती घरीच बनवतात.

गोल करवत एका कापात सुमारे ५ मिलिमीटर लाकूड खाते. पट्टा सुमारे २ च खातो. दहा काप घेतले तर ३ सेंटिमीटर लाकूड वाचले. म्हणजे एक फळीच की!

पण पट्टा तुटला तर जोरात उसळतो. म्हणून चाकांवर लोखंडी झाकण हवेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक आदेश दिला. आरागिरणीला वनखात्याचा परवाना लागतो. आपली तर चाकावरची, असे म्हणून सुटका होईल असे समजू नका. नाहीतर यंत्रही जाईल आणि पैसाही. म्हणून लोखंड विकत घेण्याआधी वनखात्याच्या कचेरीत जाऊन विचारू या.