उंदराच्या रक्तातला आपला आजार
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज आम्ही उंदराबद्दल बोलणार आहोत. हसू नका. विदर्भात सिकलसेल आहे. आदिवासी बांधवांत आहे, आपल्यातही आहे. लेकराचे हातपाय ठणकतात, रक्त कमी होते, आईबाप दवाखान्याच्या चकरा मारतात. आईबापांकडून रक्ताचे जे जनुक येते, त्यातले एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

उंदराला हा आजार नाही. म्हणून १९९७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्याची स्वतःची हिमोग्लोबिनची जनुके बंद पाडली आणि माणसाची सदोष जनुके त्याच्यात घातली. उंदीर आपल्यासारखाच आजारी पडला. २०११ साली तशाच उंदरांत बीसीएल-११-ए हे जनुक बंद केले. तेव्हा गर्भात असते तसले हिमोग्लोबिन परत बनू लागले आणि आजार हटला.

असा एक उंदीर घडवायला वर्षाच्या वर काळ लागायचा. २०१२ साली शार्पेंटिए आणि डाउडना या शास्त्रज्ञ महिलांनी क्रिस्पर नावाची कात्री दाखवली. २०२० चे नोबेल त्यांना मिळाले. आम्ही गिरणीवाले तुटलेले सूत सांधतो. इथे उलटे आहे. धागा नेमक्या जागी मुद्दाम तोडायचा आणि सांधणे पेशीवर सोडायचे. सांधा चुकला की जनुक बंद पडते. सोबत नवा तुकडा दिला तर तो तिथे बसू शकतो. ही कात्री उंदराच्या एकपेशी गर्भात सोडतात, गर्भ दुसऱ्या मादीच्या पोटात ठेवतात, वीसेक दिवसांत पिल्ले होतात. २०१३ पासून हे काम आठवड्यांवर आले.

पण सगळी पिल्ले हवी तशी निघत नाहीत. नको ती मारली जातात. हे झाकून ठेवणे आम्हाला पटत नाही. कात्री स्वस्त झाली म्हणून जीव स्वस्त होऊ नये. शक्य तिथे प्राणी वापरू नका, लागलेच तर कमी वापरा, वेदना कमी द्या, हे रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच सांगून ठेवले आहे. आपल्याकडेही १९६० च्या कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे.

आता खरा प्रश्न. उंदीर मेला कोणासाठी? त्याच कात्रीने रोग्याच्या स्वतःच्या पेशी दुरुस्त करणारा उपचार डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर! आजार गरिबाच्या घरी आणि औषध कोट्यधीशाच्या दारी, असे चालणार नाही. दिल्लीच्या सरकारी संस्थेतही या उपचारावर काम झाले आहे. ते सरकारी दवाखान्यापर्यंत आले पाहिजे, ही मागणी आपणच लावून धरायची आहे.

तोवर एक करा. लग्नाआधी मुलामुलीचे रक्त तपासा. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक धोका असतो. पत्रिका नको, रक्ताचा कागद बघा.