परत फिरणारा एक

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातल्या कित्येकांच्या घरातली ही पहिली पदवी असेल. कुणी काटोलहून, कुणी उमरेडहून, कुणी गडचिरोलीहून नागपुरात शिकायला आलं. हिस्लॉप महाविद्यालयाच्या या आवारातून आज तुम्ही बाहेर पडाल, तेव्हा तुमच्या हातातल्या त्या कागदावर तुमच्या घरच्यांचेही कष्ट असतील.

तुमच्या वाट्याला आलेला काळ सोपा नव्हता. 2021 मध्ये करोनामुळे राज्यातली दहावीची परीक्षाच रद्द झाली. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये या शहरात रुग्णालयात खाट मिळवण्यासाठी, ऑक्सिजनच्या एका सिलिंडरसाठी लोक रात्र रात्र वणवण फिरले. त्या दिवसांत घरातलं माणूस गमावलेले विद्यार्थी या सभागृहातही असतील. मार्च 2025 मध्ये नागपुरात दंगल झाली, काही भागांत संचारबंदी लागली, आणि काल-परवापर्यंत एकत्र चहा पिणारी माणसं एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. कापसाला आणि सोयाबीनला भाव मिळाला नाही की विदर्भातल्या घरांमध्ये काय होतं, ते तुमच्यातल्या अनेकांना माझ्याहून जास्त माहीत आहे.

अशा काळात कुणी व्यासपीठावर उभं राहून 'कृतज्ञ राहा' म्हणू लागलं, तर ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटू शकतं. म्हणून आधीच सांगतो, दुःखाबद्दल देवाचे आभार माना असं मी तुम्हाला सांगणार नाही. आई गेलेल्या मुलीला ते कुणीही सांगू नये. मी ख्रिस्ती आहे, तुमच्यातले बहुतेक जण नाहीत. तरी माझ्या श्रद्धेतली एक गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण ती सगळ्यांची आहे.

लूकच्या शुभवर्तमानातल्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी येतात. गावात यायची त्यांना मनाई असते, म्हणून ते लांब उभे राहून येशूला हाक मारतात. तो त्यांना याजकांकडे पाठवतो, कारण माणूस बरा झाला असा निर्वाळा याजकाने दिला की मगच त्याला गावात घेत. वाटेतच ते बरे होतात. नऊ जण पुढे जातात. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांची घरं होती, मुलं होती, वाया गेलेली वर्षं होती, आणि त्यांना घाई होती. एक जण मात्र वाटेतून परत फिरतो आणि ज्याने बरं केलं त्याच्या पायांशी येतो. तो शोमरोनी होता, ज्यांच्याशी यहुदी लोक व्यवहार ठेवत नसत त्या समाजातला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं तेव्हा येशू विचारतो.

मला वाटतं, कृतज्ञता म्हणजे हे परत फिरणं. मनात चांगलं वाटलं, तेवढ्याने ती पुरी होत नाही. त्यासाठी आपली वाट थांबवावी लागते, वेळ मोडावा लागतो, आणि ज्या जागी आपण असहाय होतो त्या जागेकडे पुन्हा पाहावं लागतं. आणि ज्याला असं परत फिरता येतं, त्याला दुसऱ्याच्या दुःखाकडेही वळता येतं. ख्रिस्ती प्रेम ते हेच.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहा. 1870च्या दशकातल्या दुष्काळात मद्रास इलाख्यात भटकताना त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, आई गेली, बहीण गेली. उपाशी राहून, पायी चालत रमाबाई आणि त्यांचे भाऊ कसेबसे वाचले. पुढे रमाबाई शिकल्या, परदेशी गेल्या, ख्रिस्ती झाल्या, 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं. भूक मागे पडली होती. तेवढ्यात 1896-97चा दुष्काळ आला, आणि तो आपल्याकडे आला, ज्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती त्या प्रांतात. रमाबाईंना आपली भूक आठवली आणि त्या इकडे आल्या. रस्त्यांवर, मदत छावण्यांवर टाकून दिलेल्या मुली आणि विधवा त्यांनी शोधल्या आणि शेकडोंना सोबत नेलं. पुण्याजवळ केडगावला त्यांच्यासाठी 'मुक्ती' उभी राहिली. तिथे बायका शेती करत, माग चालवत, छापखाना चालवत. आपण वाचलो या जाणिवेचं रमाबाईंनी काय केलं, ते आपल्या प्रांताने पाहिलं आहे.

1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना जी वागणूक मिळाली, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीरपणे लिहिलं. सरकार इंग्रजांचं, रमाबाईंचा धर्मही राज्यकर्त्यांचाच, तरी त्या गप्प बसल्या नाहीत. मिळालं त्यात समाधान मानून तोंड मिटून बसणं, याला कुणी कृतज्ञता म्हणू लागलं तर त्याला रमाबाईंचं नाव सांगा.

दुसरं नाव तुमच्या अधिक जवळचं आहे. बाबा आमटे हिंगणघाटचे, नागपुरात शिकलेले वकील. वरोऱ्याला एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला पडलेला एक कुष्ठरोगी त्यांना दिसला. त्याचं नाव तुळशीराम. बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले. बाबा घाबरले आणि तिथून पळाले. आयुष्यभर त्यांनी हे लपवलं नाही. पण ते परत फिरले. त्यांनी तुळशीरामला आडोसा केला, खाऊ घातलं, तो जाईपर्यंत त्याची सेवा केली. भीती जिथे आहे तिथे प्रेम नाही, हे त्या रात्रीने त्यांना शिकवलं. पुढे त्यांनी कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचाराचं शिक्षण घेतलं. पत्नी साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर वरोऱ्याच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू झालं. बाबा ख्रिस्ती नव्हते. लूकच्या गोष्टीत परत फिरणाराही बाहेरचाच होता. प्रेमावर कुठल्याही धर्माची मालकी नाही, हे येशूनेच त्या गोष्टीत सांगून ठेवलं आहे.

तिसरं नाव लक्ष्मीबाई टिळकांचं. त्यांच्या आणि पती नारायण वामन टिळक यांच्या संसाराचे काही दिवस नागपुरातही गेले. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं पतीपासून दूर, लोकांची बोलणी, पदरात लहान मूल. मग त्या परत आल्या आणि नव्याने संसार मांडला. सोवळं-ओवळं त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून सोडलं नाही. स्वतः विचार करून, माणसामाणसांतला भेद माणसानेच केला आहे हे पटल्यावर सोडलं. शाळेचं शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंनी म्हातारपणी 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिलं, आणि त्यात कुणाबद्दलही कडवटपणा उरलेला नाही. ज्यांनी छळलं त्यांचंही माणूसपण त्यांना दिसलं. आपल्या भूतकाळाकडे असं परत फिरायला फार मोठं धैर्य लागतं.

आता या आवाराकडेही परत फिरून पाहू. ज्यांच्या नावाचं हे महाविद्यालय आहे, ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, इथल्या खडकांतले जीवाश्म गोळा केले, गोंड समाजाची गाणी आणि कथा ऐकून लिहून घेतल्या. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. तेव्हा ते 45 वर्षांचे होते. पुढे वीस वर्षांनी, 1883 मध्ये, हे महाविद्यालय उभं राहिलं. आपण कुणीही इथली पहिली वीट ठेवलेली नाही. आपल्याआधी इथे राबलेल्या माणसांमुळे तुम्ही आज पदवीधर आहात.

ख्रिस्ती उपासनेत आम्ही उपकारस्तुती करतो. तिचं मूळ एका भयंकर रात्रीत आहे. आपण पकडले जाणार आणि मारले जाणार हे ठाऊक असताना येशूने भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि सगळ्यांना वाटली. तिथे त्याला धरून देणाराही बसला होता. आभार मानणं आणि वाटून देणं यांत त्याने अंतर ठेवलं नाही. संकट टळल्यावर कृतज्ञ होऊ, असं म्हणत थांबलो असतो तर ती भाकर कुणाच्याच हाती आली नसती.

आता तुमच्याकडे मागणं. येत्या काही दिवसांत ज्या शिक्षकांनी तुम्हाला गणित किंवा मराठी पहिल्यांदा समजावलं, त्यांच्या घरी जा. वसतिगृहात तुम्हाला जेवू घालणाऱ्या मावशींना पदवी दाखवा. पहिल्या पगारातून एका गरजू मुलाची परीक्षा फी भरा. मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाहेरगावाहून आलेले रुग्णांचे नातेवाईक पथारी टाकून पडलेले असतात. एखाद्या रविवारी त्यांच्याजवळ बसा, केसपेपर काढायला मदत करा. आपल्या वस्तीबाहेरच्या, आपल्या धर्माबाहेरच्या एका घरी जेवायला जा आणि त्यांना आपल्या घरी बोलवा. मोबाईलवर कुणाविषयी विष ओकणारा मजकूर आला तर तो पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्याशी शांतपणे बोला. आणि एखाद्या वेळी तुम्हीही घाबरून पळालात, तर बाबा आमट्यांना आठवून परत फिरा.

जग तुम्हाला पुढे जा म्हणेल, आणि तुम्ही खूप पुढे जावं अशीच माझी प्रार्थना आहे. मात्र दहांतल्या नऊंची घाई तुमच्यात येऊ देऊ नका. या गावाला, या विदर्भाला, या देशाला परत फिरणाऱ्या माणसांची गरज आहे, आणि तुम्ही ती माणसं होऊ शकता यावर माझा पूर्ण विश्वास आहे. देव तुमचं रक्षण करो, तुमच्या हातांना यश देवो, आणि तुमच्यामुळे कुणाचं तरी आयुष्य सुसह्य होवो.