अर्धे शब्द



'तू नक्की काय काम करतोस ते पाच मिनिटांत सांग,' असं फर्मान संयोजकांनी काढलंय. माझं काम म्हणजे ऑफिसांतले फोन बसवणं आणि बिघडले की दुरुस्त करणं. आठवीत सरांनी दोन काडेपेट्या आणि दोरा घेऊन टेलिफोन करायला लावला होता. तेव्हा मधल्या दोऱ्याला कुणीतरी गुपचूप बोट लावलं आणि आवाज गेला. नाव घेत नाही, तो समोरच बसलाय. आजची गोष्ट तशीच आहे, फक्त या वेळी बोट माझं होतं.

एका ट्रस्टचं रुग्णालय. मुख्य इमारत शहरात, शाखा तालुक्याच्या गावी. दोन्हीकडे फोनची आपापली यंत्रणा, मध्ये त्यांना जोडणारी भाड्याची लाइन. शहरातल्या लॅबमधून तातडीचे रिपोर्ट फोनवर सांगत. शाखेतल्या ऑपरेटर ताई ते लिहून घेऊन वॉर्डात देत. एकदा 'पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?' असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि पलीकडचे डॉक्टर चिडले. त्यांना ताईंचा आवाज स्वच्छ येत होता ना! 'बाईंना कमी ऐकू येतं' अशी तक्रार गेली, मेमो आला. वीस वर्षं फोनवर काढलेल्या ताई कान तपासून आल्या. कान ठणठणीत!

आता थोडं तांत्रिक, झोपू नका. या फोनमध्ये आवाज सलग जात नाही. त्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात, सेकंदाला ५०. प्रत्येक तुकडा क्रमांक लावून सुटा पाठवला जातो. ईमेलचा तुकडा हरवला तर पुन्हा मागवता येतो. बोलण्याचा मागवून उपयोग नाही, तो येईपर्यंत बोलणारा पुढे गेलेला असतो. असे पाच-सात तुकडे लागोपाठ गळाले की 'निगेटिव्ह'मधला 'नि' गेलाच म्हणून समजा.

मी ताईंचा फोन बदलला. आवाज कमी जागेत बसवणारी पद्धत लावून पाहिली. लाइनवर आवाजाला पहिला मान दिला. फरक शून्य. लाइन तपासली तर निम्मीही भरत नव्हती. चार पिंग मारले, चारही परत आले. मग मीही रिपोर्टात लिहिलं, 'यंत्रणेत दोष आढळला नाही.' ते वाक्य मला आजही टोचतं, कारण त्याचा अर्थ 'दोष बाईंच्यात आहे' असाच घेतला गेला.

ताई भांडल्या नाहीत. त्यांनी वही काढली. "सर, कधी कधी तुटतो ते मी लिहून ठेवलंय." सगळ्या वेळा सकाळी दहा ते बाराच्या. रविवारी एकही नोंद नाही. त्या वेळात काय होतं? शाखेतून एक्स-रेची चित्रं शहरात पाठवली जातात. म्हणजे इकडून तिकडे गर्दी, आणि तुटतो तो तिकडून इकडे येणारा आवाज!

मग मी जिथे आधीच पाहायला हवं होतं तिथे पाहिलं. शाखेतला स्विच आणि राउटर यांना जोडणारी हातभर केबल. राउटरवर टकरींचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता, स्विचवर खराब आलेल्या तुकड्यांचा. स्विचचं ते पोर्ट कुणीतरी हाताने 'फुल डुप्लेक्स'वर ठेवलं होतं, म्हणजे एकाच वेळी बोला आणि ऐका. राउटर मात्र 'ऑटो'वर. समोरून वाटाघाटीला उत्तरच नाही म्हटल्यावर राउटर वेग ओळखतो, पण 'हाफ'वर येतो, म्हणजे एका वेळी एकच. स्विच एक्स-रे सोडत असताना राउटर आवाज द्यायला जाई, टक्कर होई, तुकडा गळे. चार पिंगांना तेवढी गर्दीच नव्हती.

हे 'कुणीतरी' म्हणजे मीच. दीड वर्षापूर्वी, यंत्रणा बसवताना. दोन्ही बाजू 'ऑटो'वर आणल्या, मिनिटभराचं काम. भर अकरा वाजता शहरातून दहा आकडी नंबर वाचायला सांगितला. ताईंनी तो न विचारता लिहिला आणि वही माझ्यासमोर ठेवली.

दुसरा रिपोर्ट लिहायला मला पहिल्यापेक्षा फार वेळ लागला. 'चूक बसवणाऱ्याची,' असं लिहून खाली सही केली. मेमो मागे घेतला गेला. ताईंनी एवढंच विचारलं, "कानाच्या तपासणीचे पैसे कोण देणार?"

मी दिले. त्यांनी पावती आणून दिली.