बुंदेलखंडाचा दर्यावर्दी



ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. कुणी ती शाळेत असताना बालआवृत्तीत वाचली, कुणी चित्रकथेत पाहिली, कुणी सिनेमात. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घराघरात नेलं. त्याच्याही पुष्कळ आधी, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, कोचीनहून निघणाऱ्या 'केरळ कोकिळ' या मराठी मासिकात व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं रूपांतर क्रमशः छापून येत होतं. मराठीत विज्ञानकथेची सुरुवात झाली ती याच माणसाचं बोट धरून. तरीही 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' ही त्याची कादंबरी अथपासून इतिपर्यंत, काहीही न गाळता, मी पहिल्यांदा वाचली ती गेल्या पावसाळ्यात, अलिबागला. १ जून ते ३१ जुलै आमच्याकडे मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि दर्यावर कुणी जात नाही. त्या दिवसांत ही मोठी कादंबरी सावकाश वाचता आली. त्या वाचनाबद्दल आज आपल्याशी बोलायचं आहे.

१८६९-७० साली ही कादंबरी फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली. नावातले वीस हजार लीग म्हणजे समुद्राची खोली नव्हे, पाण्याखालून केलेल्या प्रवासाचं ते अंतर आहे. फ्रेंच मापानं ते सुमारे ८०,००० किलोमीटर भरतं, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. प्रोफेसर अ‍ॅरोनॅक्स, त्यांचा सेवक कॉन्सेय आणि नेड लँड नावाचा हार्पून फेकणारा कॅनेडियन, हे तिघं समुद्रातल्या एका अजस्र प्राण्याच्या शोधात निघतात. तो प्राणी म्हणजे ७० मीटर लांबीची पोलादी पाणबुडी निघते आणि तिघं तिच्यात कैदी होतात. या 'नॉटिलस' पाणबुडीचा स्वामी कॅप्टन नीमो. त्याच्याकडे १२,००० ग्रंथांचं ग्रंथालय आहे, आणि जमिनीशी त्यानं नातं तोडलेलं आहे.

बालआवृत्त्यांत सगळ्यात आधी काय कापलं जातं? माशांच्या याद्या. मूळ पुस्तकात त्या पानंच्या पानं आहेत. कंटाळवाण्या म्हणून त्यांची बदनामीही आहे. मला त्या फार आवडल्या. कॉन्सेयला प्राण्यांचं वर्गीकरण मुखोद्गत आहे. वर्ग, गण, कुल, प्रजाती, सगळं तो धडाधडा सांगतो, पण समोर पोहणारा मासा त्याला ओळखता येत नाही. नेड लँडला प्रत्येक मासा ओळखता येतो आणि त्याचं वर्गीकरण एकच आहे : खायचे मासे आणि न खायचे मासे. काचेच्या खिडकीशी उभे राहून हे दोघं एकमेकांचं ज्ञान पुरं करतात. शास्त्र कसं घडतं हे व्हर्ननं या प्रसंगात दाखवलं आहे. आमच्या किनाऱ्यावर बोंबील, जवळा, माकुल, हलवा कोणत्या महिन्यात कुठल्या पाण्यात मिळतो हे सांगणारी माणसं आहेत, आणि त्याच माशांच्या प्रजातींवर प्रबंध लिहिणारीही आहेत. ती एका खिडकीशी क्वचितच उभी राहतात.

पाणबुडी चालते ती विजेवर. समुद्राच्या पाण्यातून काढलेलं सोडियम वापरून नीमो वीज निर्माण करतो. तिच्यावर दिवे लागतात, स्वयंपाक होतो, पंप चालतात. व्हर्ननं हे लिहिलं तेव्हा घरोघरी विजेचा दिवाही आलेला नव्हता. आणि पुढच्या पस्तीस वर्षांतच ही वीज इतकी जवळ आली की तिच्यामुळे एक मोठी वेधशाळा हलवावी लागली, तीही आमच्या अलिबागला. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्या विजेनं नाजूक चुंबकसूचींच्या नोंदी बिघडणार हे उघड झालं. वेधशाळेचे संचालक नानाभाय मूस यांनी अलिबागची जागा निवडली. चुंबकावर परिणाम होणार नाही असा दगड पारखून इमारत बांधली गेली, १९०४ मध्ये इथं नोंदी सुरू झाल्या, आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या मालिकेला नवी जोडली गेली. विजेची ट्राम मुंबईत धावली १९०७ साली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत. अलिबागला येणारे हजारो पर्यटक या वेधशाळेवरून पुढे समुद्राकडे जातात. आत काय चालतं ते फार थोड्यांना माहीत असतं. व्हर्नच्या वाचकानं तरी तिथं थांबावं.

कादंबरीच्या दुसऱ्या भागात नॉटिलस हिंदी महासागरात येते. बंगालच्या उपसागरात एका संध्याकाळी पाणबुडीभोवतीचं सगळं पाणी दुधासारखं पांढरं होतं. असंख्य सूक्ष्म जीवांच्या प्रकाशाचा हा परिणाम, असं प्रोफेसर समजावून सांगतात. खलाशांच्या अशा हकिकती शतकानुशतकं ऐकिवात होत्या आणि अनेकांना त्या थापा वाटत. जानेवारी १९९५ मध्ये सोमालियाजवळून जाणाऱ्या 'लिमा' या जहाजानं असा दुधी समुद्र पाहिल्याची नोंद केली. दहा वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच रात्रीची उपग्रहचित्रं तपासली, तर तो प्रकाश १५,००० चौरस किलोमीटरहून मोठ्या क्षेत्रावर पसरलेला दिसला. त्यामागे बहुधा प्रकाश देणारे जीवाणू असतात. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर थंडीच्या सुमारास लाटा फुटताना निळसर चमकतात, ते काम नॉक्टिल्युका या दुसऱ्या सूक्ष्म जीवाचं. काळोख्या रात्री नागाव-रेवदंड्याच्या पुळणीवर ती चमक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना व्हर्नचं ते पान वाचताना कल्पनेला ताण द्यावा लागणार नाही.

याच भागात, सिंहलद्वीपाजवळच्या मोत्यांच्या पाण्यात, एक प्रसंग घडतो. एक गरीब पाणबुड्या शिंपले काढायला बुडी मारतो आणि शार्क त्याच्यावर झडप घालतो. नीमो हातात नुसता खंजीर घेऊन त्या शार्कला भिडतो. तो स्वतःच सापडणार तोच नेड लँडचा हार्पून शार्कच्या वर्मी बसतो. शुद्धीवर आलेल्या त्या पाणबुड्याच्या हातात नीमो मोत्यांची पिशवी ठेवतो. आणि नंतर प्रोफेसरांना सांगतो की हा माणूस पीडितांच्या देशाचा आहे आणि मीही अखेरच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा राहीन. इथं मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. लहानपणीच्या आवृत्तीत शार्क होता, हे वाक्य नव्हतं.

नीमो कोण, हे या कादंबरीत व्हर्न उघड करत नाही. खुणा मात्र देतो. त्याच्या खोलीत वॉशिंग्टन, लिंकन, आयर्लंडचा ओकॉनेल, पोलंडचा कोशचुश्को यांची चित्रं आहेत. स्पेनच्या किनाऱ्याशी १७०२ साली बुडालेल्या जहाजांतलं सोनं तो काढतो आणि तुर्की सत्तेविरुद्ध उठलेल्या क्रीटच्या लोकांना पोचवतो. व्हर्नच्या मनात आधी नीमो पोलिश सरदार होता, रशियन सत्तेनं ज्याचं घरदार उद्ध्वस्त केलं असा. प्रकाशक हेत्झेल यांना ते मानवलं नाही. रशियात पुस्तकं खपत होती. पुढे १८७४-७५ मध्ये व्हर्नचीच 'द मिस्टिरियस आयलंड' ही कादंबरी आली आणि तिच्या शेवटी मरणाच्या दारातला नीमो आपलं नाव सांगतो : राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा. युरोपात शिकला, परत आला, १८५७ च्या उठावात लढला. त्यात आईवडील, बायको, मुलं सारी गेली. मग त्यानं जमीन सोडली.

नाव बुंदेली वाटत नाही, दोन्ही कादंबऱ्यांच्या तारखाही जुळत नाहीत. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता. या उणिवा मला दिसतात, पण त्या फार मोठ्या वाटत नाहीत. उठाव चिरडला गेल्यावर वीस वर्षांच्या आत युरोपातल्या सर्वांत लोकप्रिय लेखकांपैकी एकानं आपला सर्वांत बुद्धिमान, सर्वांत सुसंस्कृत नायक सत्तावनचा पराभूत हिंदी माणूस म्हणून उभा केला. जगातलं पुढचं यंत्र त्यानं त्याच्या हाती दिलं. एवढं दुसऱ्या कुणी त्या काळात केलेलं मला माहीत नाही.

मग हे आपल्यापर्यंत नीट का पोचलं नाही? कारण व्हर्न आपल्याकडे आला तो बव्हंशी इंग्रजीतून, आणि इंग्रजीत त्याला कात्री लागली होती. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'च्या मर्सिए यांनी केलेल्या पहिल्या इंग्रजी अनुवादात पाचव्या हिश्श्याहून अधिक मजकूर गाळला गेला. त्यात शास्त्र गेलं आणि राजकारणही गेलं. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड असं व्हर्ननं बरोबर लिहिलं होतं. या अनुवादात ते पाण्याहून हलकं झालं, आणि व्हर्नला शास्त्र कळत नाही असा बोल त्याच्यावर आला. 'मिस्टिरियस आयलंड'च्या किंग्स्टन यांच्या नावे निघालेल्या अनुवादात डक्कारची ब्रिटिश सत्तेविरुद्धची कैफियतच बदलून टाकली. हीच पुस्तकं शंभर वर्षं छापली गेली आणि पुढच्या कित्येक रूपांतरांचा पाया झाली. पूर्ण आणि प्रामाणिक इंग्रजी अनुवाद गेल्या काही दशकांत आले.

अलिबागला बसून हे वाचताना मराठा आरमाराच्या कान्होजी आंग्र्यांची आठवण होणं अटळ होतं. समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी आपला परवाना घ्यावा, हा त्यांचा आग्रह. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे. समुद्र कुणाच्या कायद्यानं चालायचा, आणि जो तो कायदा मानत नाही त्याला गुन्हेगार कुणी ठरवायचं, हे नीमोचे प्रश्न या किनाऱ्यानं त्याच्या दीडशे वर्षं आधी विचारले होते. फरक आहे, आणि तो मोठा आहे. कान्होजींच्या मागं राज्य होतं, प्रजा होती, बंदरं होती. नीमोपाशी फक्त सूड उरला आहे. निशाण न दाखवलेली एक युद्धनौका तो माणसांसकट बुडवतो, ती बुडताना पाहत राहतो आणि मग आपल्या खोलीत बायकोमुलांच्या चित्रापुढे गुडघे टेकून रडतो. प्रोफेसर त्याला माफ करत नाहीत. व्हर्नही करत नाही. मलाही ते करता आलं नाही, आणि तरी त्याच्याबद्दलचा जिव्हाळा कमी झाला नाही. हे दोन्ही वाचकाच्या मनात एकाच वेळी उभं करणं बालआवृत्तीला जमणारं नाही, आणि ती अपेक्षाही नाही.

तेव्हा श्रोतेहो, ज्यांनी लहानपणी ही गोष्ट वाचली आहे त्यांना माझी विनंती आहे. आता मूळ पुस्तक वाचा. आवृत्ती निवडताना ती पूर्ण आहे ना, अनुवाद नवा आहे ना, एवढं पाहून घ्या. आधी 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज' आणि लगेच 'मिस्टिरियस आयलंड', याच क्रमानं. माशांच्या याद्या सोडू नका. आणि फ्रेंच जाणणाऱ्या मराठी अनुवादकांना एक सांगणं : व्हर्न १९०५ साली वारला, त्याच्या लेखनावर आता कुणाचाही हक्क नाही. डक्कारची कैफियत फ्रेंचमधून थेट, एक शब्दही न गाळता मराठीत यायला हवी. ते काम कुणीतरी हाती घ्यावं.